पूर्ण समाधानी पेशंट

पेशंटला बरं वाटतंय की नाही हे पेशंटला कळतं, असा एक जुना समज आहे. सुधारलेल्या देशांत ते फॉर्मला कळतं.

लंडनमधल्या हाउन्सलोतल्या एका खाजगी मेनोपॉज क्लिनिकचा फॉर्म एकतीस प्रश्नांचा होता, प्रत्येकाला पाचपैकी गुण. खुर्ची मऊ होती का? डॉक्टरांनी तुमचं नाव नीट उच्चारलं का? वेटिंग रूममधलं ऑर्किड टवटवीत होतं का? ('उकडत होतं' ही तक्रार धरली जात नसे. उकडणं हे लक्षण आहे, सेवेतली त्रुटी नव्हे.) 'तुम्हाला बरं वाटतंय का?' असाही एक प्रश्न पूर्वी होता म्हणे. पण तो एकटाच सगळी सरासरी खाली ओढतो हे लक्षात आल्यावर गुणवत्तेच्या हितासाठी तो काढण्यात आला. तेव्हापासून क्लिनिक सत्त्याण्णव टक्क्यांवर आहे.

राजश्री भालेराव, वय एक्कावन्न, प्राथमिक शाळेत शिक्षिका, तिथे तीन महिने जात होती. अंगाची भट्टी व्हायची ते ती कार्डिगन काढून-घालून निभावत होती. पण वर्गात बोलता बोलता शब्दच गायब व्हायला लागले. नऊचा पाढा त्रेसष्टावर अडला. रोजच्या मुलाचं नाव हजेरी घेताना आठवेना. हेडटीचर गोड आवाजात म्हणाली की ईस्टरपर्यंत सुधारणा दिसली नाही, तर वर्ग दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल. बावीस वर्षं शिकवत होती बाई! क्लिनिकने दिलेल्या हॉर्मोनच्या पॅचने काडीचा फरक पडला नव्हता. डोस वाढवायचा का, हे सोमवारच्या भेटीत ठरणार होतं. सगळी भिस्त त्या सोमवारवर.

त्याआधीच्या गुरुवारी दर्जाच्या मूल्यमापनासाठी, म्हणजे तो फॉर्म भरून घ्यायला, क्लिनिकने तिला बोलावलं. मुलाखत घ्यायला तनिषा होती, तेवीस वर्षांची, जन्म लंडनमधल्याच इल्फर्डचा. आडनाव वाचून ती लगेच मराठीवर आली.

"मावशी, माझी मराठी थोडा वीक आहे, ओके? हा माझी पहिली जॉब. प्रोबेशन चालू आहे."

झालं, इथेच घात झाला.

"ट्रीटमेंटला किती मार्क, मावशी?"

'शून्य दे गं बाई,' हे राजश्रीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पोरीने स्वतः उठून चहा करून आणला होता. कोमट, दूध नावालाच. आपल्याकडे दुसऱ्याच्या हातचा चहा कसाही असो, 'मस्त झालाय' म्हणूनच संपवायचा असतो. आणि आपल्याच माणसांतल्या लेकीला पहिल्या नोकरीत नावं ठेवायची, म्हणजे आपण माणसं आहोत की कोण?

"पाच लिही."

"रिअली?"

"अगं, लिही. छानच आहे सगळं."

एकशे पंचावन्नपैकी एकशे पंचावन्न. तनिषाने मिठी मारली. (पुढे ती नोकरीत कायम झाली. निदान कुणाचं तरी भलं झालं.)

शुक्रवारी ईमेल आला. 'आपण आमच्या सेवेबाबत पूर्ण समाधानी आहात हे वाचून आनंद झाला. पूर्ण समाधानी पेशंटना पुढील भेटीची आवश्यकता उरत नाही. सबब, सोमवारची आपली वेळ एका असमाधानी पेशंटला देण्यात येत आहे.' तर्क बिनतोड होता. राजश्रीने घाबरून फोन केला. रिसेप्शनवरच्या बाईने फाइल उघडली आणि अतिशय प्रेमाने सांगितलं, की इतक्या चांगल्या फाइलवर तक्रार नोंदवण्याची सोय सिस्टिममध्ये नाही. नवीन पेशंट म्हणून यायचं असेल तर जूनमध्ये जागा होती.

ईस्टर एप्रिलमध्ये होता.

शेवटच्या मीटिंगमध्ये हेडटीचरने विचारलं, "राजश्री, तुला काही मदत हवी होती का?" सांगायची हीच वेळ होती. राजश्री म्हणाली, "नो नो, आय'म फाइन." वर्ग गेला. पार्किंगमध्ये गाडीत बसून ती हमसून हमसून रडली, मग तोंड धुऊन घरी आली.

नवरा, सुहास, सोफ्यावर होता. "काय गं, डोळे लाल?"

"काही नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि त्याने मॅचचा आवाज वाढवला.

आता सुहासला खुशाल नावं ठेवा. फक्त एवढं सांगा: तुमच्या घरातलं शेवटचं 'काही नाही' ऐकल्यावर तुम्ही पुढचा प्रश्न कोणता विचारला होतात?