सूचना, हुकुमावरून

घागरगल्लीत राहून ज्याने खंडेराव तांबटांचा फळा वाचला नाही, तो माणूस एक तर शाळेत गेलेला नसणार, नाहीतर कधीचाच गंगापूर रोडला फ्लॅट घेऊन मोकळा झालेला असणार! भांडी बाजारातून आत वळलं की डाव्या भिंतीवर तो फळा, आणि तीस वर्षं त्यावर अक्षर एकाच माणसाचं. मथळाही ठरलेला. लाल खडूने, ठसठशीत: ‘सूचना’. त्याखाली कायम काहीतरी वाईटच! सूचना, उद्या पाणी येणार नाही. सूचना, परवा दिवसभर वीज बंद. सूचना, अमके अण्णा वारले, अंत्ययात्रा नऊ वाजता. गल्लीतल्या बायका लांबून लाल अक्षर दिसलं की आधी हंडे भरून ठेवायच्या आणि मग काय लिहिलंय ते वाचायला जायच्या.

“शंभर!” सहादूच्या चहाच्या टपरीवर खंडेरावांनी गर्जना केली. “शनिवारपर्यंत शंभर सूचना जमवून दाखवतो. नाही जमवल्या तर तांबट आडनाव लावणार नाही!”

त्याचं असं होतं. सिंहस्थ तोंडावर आलेला. जुन्या नाशकातली एखादी गल्ली निवडून ती सुधारायची, अशी कुठलीशी योजना निघाली होती. पण काय सुधारायचं, ते गल्लीतल्या लोकांनीच सांगायचं. ते ऐकायला योजनेच्या दीपमाला मॅडम शनिवारी चार वाजता येणार होत्या. ज्या गल्लीतून भरपूर सूचना येतील, त्या गल्लीचा नंबर लागायची शक्यता जास्त.

खंडेरावांना ही गल्ली सुधारायची होती ती एका माणसासाठी. महेबूबभाई कल्हईवाले! खंडेरावांचं तांब्यापितळेचं दुकान आणि समोर महेबूबभाईंची भट्टी. चाळीस वर्षं एकाने भांडं विकायचं आणि दुसऱ्याने त्याला कल्हई लावायची. पण आता स्टीलच्या जमान्यात गिऱ्हाईक उरलं नव्हतं. महेबूबभाईंचा मुलगा मालेगावहून दर आठवड्याला फोन करायचा, “अब्बा, बस झालं, इकडे या.” महेबूबभाई दिवाळीपर्यंत बघतो म्हणाले होते. गल्ली नटली, लोक बघायला आले, भट्टीसमोर चार माणसं उभी राहिली, तर महेबूबभाई राहतील. नाहीतर गेलेच! आणि ते गेले तर आपण दुकानात बसून समोर बघायचं कुणाकडे, हा विचार मनात आला की खंडेरावांना घास गोड लागत नसे.

तर मंगळवारी सकाळी खंडेराव फळ्यापाशी उभे राहिले. शेजारी खडूचा डबा धरून त्यांची बायको, कलाबाई.

“अहो, सरळ लिहा ना. तुम्हाला काय हवंय ते सांगा, म्हणून.”

“अगं, ही काय भाजीची यादी आहे? मोठी माणसं येणार. मजकुराला वजन पाहिजे!”

आणि त्यांनी वजनदार मजकूर लिहिला:

‘सूचना. घागरगल्लीतील सर्व घरांसाठी. सिंहस्थापूर्वी या गल्लीचा संपूर्ण कायापालट होणार आहे. हरकती व सूचना शनिवारी दुपारी चारपर्यंत फळ्याखालच्या पेटीत टाकाव्यात. नंतर आलेल्यांचा विचार केला जाणार नाही. हुकुमावरून.’

“हुकूम कुणाचा?” कलाबाईंनी विचारलं.

“कुणाचा नाही गं. पण शेवटी ते बरं दिसतं.”

एवढ्यावर थांबले असते तर ते खंडेराव कसले! कुठल्या घरातून सूचना आली आणि कुठून नाही, याचा हिशेब लागायला हवा, म्हणून तुळशीवृंदावनाला लावायला आणलेला गेरू घेऊन त्यांनी प्रत्येक दाराच्या चौकटीवर लाल आकडा काढला. एक ते बासष्ट. मग मॅडमच्या फॉर्मात एक रकाना होता, ‘गल्लीची रुंदी’. म्हणून टेप काढला. एक टोक कलाबाईंच्या हातात, दुसरं स्वतःच्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गल्ली मोजली आणि मोठ्याने ओरडले, “अकरा फूट चार इंच! फारच कमी आहे!”

आता तुम्हीच सांगा. जुन्या नाशकात, सिंहस्थाच्या तोंडावर, फळ्यावर ‘हरकती व सूचना’, चौकटीवर लाल आकडा आणि गल्लीत टेप! माणसाने काय समजायचं? रुंदीकरण! दुपारचा स्वयंपाक व्हायच्या आत बासष्ट घरांत एकच शब्द फिरला, आणि पोळ्या तव्यावरच करपल्या.

खंडेरावांना यातलं काहीही कळलं नाही. ते आले की लोक बोलायचे थांबत. खंडेरावांना वाटलं, मान वाढला! सहादूने चहा द्यायचं बंद केलं, “दूध संपलंय” म्हणाला, आणि मागे पातेलं उतू जात होतं. खंडेरावांना वाटलं, बिचाऱ्याचं सूचना लिहिण्याकडे लक्ष आहे!

नऊ नंबरच्या चिमणाबाई फुलांचा धंदा करायच्या. त्या बुधवारपासून टोपली घेऊन आपल्या ओट्यावर मांडी घालून बसल्या त्या हलेनातच.

“काय चिमणाबाई, आज बाजारात नाही गेलात?”

“म्या हितून उठायची नाय! लय बघितले असले.”

“वा! बसा, बसा. असा उत्साह पाहिजे!” खंडेराव खूश.

चिमणाबाईंनी हातातला शेवंतीचा गजरा दाताने तोडला.

सहादूने शेवटी न राहवून विचारलंच, “खंडेराव, मग आता किती दिवस उरले म्हणायचे?”

“शनिवार चारपर्यंत. मग मॅडम येऊन बघतील, आणि एकदा काम सुरू झालं की गल्ली ओळखूसुद्धा येणार नाही!”

“कुणाला सूट नाही?”

“एकालाही नाही! प्रत्येक घराने द्यायलाच पाहिजे. मी स्वतः आकडे टाकलेत.”

सहादू मटकन बाकावर बसला. खंडेराव त्याच्या पाठीवर थाप मारून पुढे गेले.

गुरुवारी महेबूबभाई दुकानाच्या पायरीशी आले. हात राखेने माखलेले, तसेच.

“भाऊ, एक विचारू? यात माझी भट्टीपण आहे का?”

“आहे का म्हणजे? सगळ्यात आधी तुमची भट्टी! मॅडमना मी तसं सांगूनच ठेवलंय. आल्या आल्या पहिलं काम तेच!”

महेबूबभाईंनी एकदा खंडेरावांकडे बघितलं. मग चौकटीवरच्या लाल ‘बारा’कडे बघितलं.

“बरं,” म्हणाले, आणि गेले.

“लाजतो बिचारा,” खंडेराव कलाबाईंना म्हणाले. कलाबाईंना काहीतरी खटकलं, पण नवऱ्याला काही सांगायचं तर तो आधी गप्प बसायला हवा ना!

शुक्रवारी संध्याकाळी पेटीचं झाकण बसेना, इतक्या चिठ्ठ्या. खंडेरावांनी पेटीला कान लावला, हलवून पाहिली, पण उघडली नाही. मॅडमच्या समोरच उघडायची, तत्त्व म्हणजे तत्त्व!

शनिवार उजाडला. गल्लीत छोटासा मांडव, खुर्च्या, टेबलावर झेंडूचा हार घातलेली पेटी. खंडेराव कडक इस्त्रीच्या पांढऱ्या लेंगा-सदऱ्यात. चारच्या ठोक्याला दीपमाला मॅडम आल्या. साधी सुती साडी, खांद्याला झोळी, हातात वही. गल्ली झाडून सगळी जमली होती. फक्त कुणी हसत नव्हतं. चिमणाबाई तर ओट्यावरूनच ऐकत होत्या, हाताशी वरवंटा घेऊन.

“मॅडम, बाकीच्या गल्ल्यांत म्हणे चार-पाच चिठ्ठ्या आल्या,” खंडेराव माइकवर म्हणाले. “आमची पेटी बघा! जनता बोलते आहे, मॅडम. ऐका!”

आणि पहिली चिठ्ठी त्यांनी भाषणाच्या सुरात वाचायला घेतली.

“ओट्याला हात लावाल, तर, हात, जागेवर, राहणार नाही! चिमणाबाई.”

सूर असा लागला होता की वाक्य संपेपर्यंत थांबताच आलं नाही. खंडेरावांनी चिठ्ठी उलटी करून पाहिली. पाठ कोरी होती.

“हॅ हॅ, आमच्या चिमणाबाई थट्टेखोर आहेत. पुढची! ‘समोरच्यांचं पाडा, आमचं नको. घर नंबर वीस.’ बरं. ‘समोरच्यांचं पाडा, आमचं नको. घर नंबर एकवीस.’ अहो, हे काय? पाडा काय? ‘आमच्याकडे आजोबांच्या नावाचे कागद आहेत, वकील बघून ठेवला आहे.’ ‘आधी खंडेरावांच्या पायऱ्या पाडा, त्या गल्लीत दीड फूट आल्या आहेत, फोटो जोडला आहे.’”

फोटो खरंच जोडला होता. पायरीवर स्वतः खंडेराव दात घासत उभे होते.

मॅडमची पेन्सिल थांबली. “खंडेरावजी, इथे काही पाडायचं आहे, असं कुणी सांगितलं?”

“ह्यांनीच तर सांगितलं ना!” सहादू उसळून उभा राहिला. “हरकती, सूचना, हुकुमावरून! दारावर लाल आकडा! गल्ली मोजून म्हणाले, फारच कमी आहे!”

“मी? पाडायचं? अरे देवा!” खंडेराव माइकवरच ओरडले. “अरे, सूचना म्हणजे ती सूचना नव्हे! सूचना म्हणजे… म्हणजे तुम्हाला जे सुचतं ते!”

“तीस वर्षांत ह्या फळ्यावर आमाला सुचलेलं कदी लिवलं व्हतं का तुमी?” चिमणाबाईंनी ओट्यावरून विचारलं.

काहीतरी करायचं म्हणून खंडेरावांनी पुढची चिठ्ठी उघडली. ‘बाजाराला येणाऱ्या बायकांसाठी स्वच्छ मुतारी हवी. घर नंबर सात.’

“ही मात्र सूचना आहे,” मॅडम लिहून घेत म्हणाल्या. “सात नंबरला कोण राहतं?”

“मी,” कलाबाई म्हणाल्या. “लग्न होऊन आले तेव्हापासून सुचलेलं होतं. विचारलं कुणी नव्हतं.”

खंडेरावांनी खाली मान घालून अजून एक घडी उलगडली. घर नंबर बारा. अक्षर ओळखीचं होतं. चाळीस वर्षं हिशेबाच्या वहीत शेजारी-शेजारी लिहिलेलं.

‘भाऊ, भट्टी मी काल रात्री माझ्या हाताने काढली आहे. तुमच्या हाताने पडली असती तर तुम्हालाच वाईट वाटलं असतं. आज निघतो. घरी येऊन सांगितलं असतंत तर चहा घेतला असता. महेबूब.’

खंडेराव वाचत गेले आणि माइक चालूच होता. सगळ्या गल्लीने ऐकलं. आणि सगळ्या गल्लीने वळून बारा नंबरकडे पाहिलं. दार उघडं, गल्लीच्या टोकाला टेम्पो, आणि महेबूबभाईंच्या पत्नी जैतुनबी गाठोड्याला गाठ मारत होत्या!

खंडेराव असे धावले की मांडवाचा एक बांबूच सोबत नेला. आत पाहतात तर भट्टीच्या जागी नुसता खड्डा. विटा नीट रचून कोपऱ्यात, भाता पोत्यात बांधलेला. महेबूबभाई जमीन झाडत होते.

“महेबूबभाई! हे काय केलंत!”

“तुम्हीच म्हणालात ना भाऊ. सगळ्यात आधी तुमची भट्टी.”

“अहो, दाखवायला! मॅडमना सगळ्यात आधी तुमची भट्टी दाखवायला! ही सगळी उठाठेव कुणासाठी केली? तुम्ही मालेगावला जाऊ नये म्हणून केली!” आणि खंडेराव इस्त्रीच्या लेंग्यासकट राखेत बसले आणि ढसाढसा रडले.

महेबूबभाईंच्या हातातला झाडू तसाच राहिला. “दाखवायला?”

“मी तीन दिवस सांगत होते, एकदा जाऊन नीट विचारा!” जैतुनबी कडाडल्या. “पण नाही! म्हणे भाऊला अवघड वाटेल! चाळीस वर्षांची भट्टी उकरली, पण तोंड उघडलं नाही. दोघंही सारखेच!”

“मी बांधून देतो,” खंडेराव डोळे पुसत उठले. “आत्ता! माझ्या हाताने!”

“भाऊ, राहू द्या. टेम्पोवाला थांबलाय. मुलाला शब्द दिलाय.”

“थांबू दे त्याला!”

सदऱ्याच्या बाह्या वर सारून खंडेरावांनी माती ओतली, पाणी ओतलं आणि मळायला बसले. दारात गल्ली गोळा झाली. आणि गल्लीला, महाराज, सुचायला लागलं!

“पाणी लय झालं, खंडेराव!”

“वीट आडवी लावा, आडवी!”

“भट्टी हातभर आत घ्या, म्हणजे बघणाऱ्याला उभं राहायला जागा होईल.”

“बाहेर एक बाक पाहिजे.”

“आन् वर पत्रा! पावसात गिऱ्हाईक भिजतंय.”

“रात्रीचा दिवा नाही इथे, तो टाका.”

“कल्हई शिकवायचा वर्ग काढा की, माझी नात येईल.”

दीपमाला मॅडम उंबऱ्यात उभ्या राहून भराभर लिहीत होत्या. “हळू बोला हो, एकेक जण! सत्तावन्न… अठ्ठावन्न…”

खंडेराव मातीत कोपरापर्यंत, कपाळाला राख, आणि टेम्पोचा हॉर्न वाजतोय. महेबूबभाई भिंतीला टेकून बघत होते. अर्धा तास झाला. विटांचे तीन थर चढले. शेवटी ते पुढे आले आणि वाकून नीट निरखू लागले.

“भाऊ, मीपण एक सूचना देऊ का?”

“द्या की!” खंडेराव आशेने म्हणाले.

“सरका. ही भट्टी नाही, चूल झालीये. यावर फार तर पिठलं होईल.” आणि पोत्यातला भाता सोडत ते जैतुनबींना म्हणाले, “त्या टेम्पोवाल्याला सांग, जा म्हणावं. हे काम आता मलाच करावं लागणार.”