वामनरावांच्या कपाटातल्या शेळ्या

सोमवारी सकाळी सव्वासात वाजता धुरपताबाईंनी वामनरावांच्या कपाटातून एक पुस्तक नेलं. वामनराव तेव्हा न्हाणीत होते आणि त्यांच्या डोळ्यांत साबण होता.

एवढीच घटना!

वामनराव बोरकुटे हे लाकूड आगारातले निवृत्त बाबू. आलापल्लीपासून चौदा किलोमीटरवर, डांबरी रस्ता संपायच्या दोन घरं आधी, त्यांचं घर. घरात एक लाकडी कपाट, कपाटात दोनशे चौदा पुस्तकं, आणि पंधरा वर्षांत त्यातलं एकही कुणी वाचायला मागितलेलं नव्हतं! या विक्रमाचा वामनरावांना फार अभिमान होता. "लोक कपाटाला कुलूप लावतात," ते स्वतःशीच म्हणायचे, "मी लेबल लावतो!"

या लेबलांमागे दुःख होतं. चंद्रपूरला नोकरीत असताना त्यांनी मोठ्या मनानं एकतीस पुस्तकं वाचायला दिली. परत आली चार! एकावर हळदीचा पंजा उमटलेला. एकाची शेवटची आठ पानं गायब. एकावर भलत्याच माणसाची सही आणि खाली 'सप्रेम भेट'. चौथं तर त्यांचं नव्हतंच! बदली होऊन इकडे आले तेव्हा वामनरावांनी प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घातलं, त्यावर पांढरं लेबल डकवलं आणि टपोऱ्या सरकारी अक्षरात एकेकाचं बारसं केलं. खुनाची रहस्यकथा होती, ती झाली 'धानावरील कीड : भाग दोन'. प्रवासवर्णन झालं 'रोपवाटिका तपासणी अहवाल'. कवितांचे सगळे संग्रह गेले 'पाणलोट क्षेत्र : परिशिष्टे' या नावाखाली. आणि जी प्रेमकथा ते दर वर्षी एकदा वाचायचे, जिच्या बत्तिसाव्या पानापासून त्यांना रुमाल लागायचा, जी आता कुठल्याही दुकानात मिळत नव्हती, तिच्यावर त्यांनी लिहिलं, 'शेळ्यांमधील आजार व उपाययोजना'.

ही युक्ती पुण्यात शंभर वर्षं टिकली असती. इथे गावात दर घरामागे चार शेळ्या आणि दीड एकर धान! पंधरा वर्षं टिकली तेच नवल.

वामनराव डोळे पुसत बाहेर आले. कपाटात तिसऱ्या फळीवर खिंडार! पुढचा दात पडलेल्या तोंडासारखं ते दिसत होतं.

"केसर! इथलं पुस्तक?"

"धुरपताबाई घेऊन गेली," केसरबाई चुलीवरची भाकर उलटत म्हणाल्या. "तिची ढवळी शेळी उठूनच नाई राह्यली. रात्री धानाच्या पोत्यात तोंड घालून बसली म्हने. पोट नगाऱ्यावानी झालं. नाल्याले पूर, गाडी बंद, जनावराच्या डॉक्टरले आनावं कसं? मंग मीच म्हणलं, आमच्या यायच्यापाशी शेळ्याचं मोठं पुस्तक आहे, घेऊन जा."

"तू दिलंस?"

"नाई देऊ? गाभन शेळी आहे थे! बिचारी म्हने, ज्या मानसाच्या डोळ्याले शेळीचं दुखनं वाचून पानी येते, त्याचं पुस्तक खोटं निंघनार नाई."

वामनराव खाटेवर बसले. म्हणजे ओसरीवर बसून त्यांनी पंधरा वर्षं पुसलेले डोळे गावानं पाहिले होते! गाव त्यांना शेळ्यांसाठी रडणारा संत समजत होतं!

खरं सांगावं तर पंधरा वर्षांचं लबाडीचं बिंग फुटणार. न सांगावं तर एका गाभण शेळीवर प्रेमकथेचे उपचार होणार. आणि दोन्हीकडून पुस्तक हातचं जाणार! वामनरावांनी शर्ट उलटा घातला आणि धावत सुटले.

धुरपताबाईंच्या अंगणात ढवळी आडवी पडली होती. उशाशी धुरपताबाई, आणि दाराला टेकून त्यांची सून प्रिया पुस्तक उघडून मोठ्यानं वाचत होती. वामनराव कुडाआड थबकले.

"'सुलक्षणेनं तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं,'" प्रिया वाचत होती. "'तिचा श्वास जड झाला होता. तिचे टपोरे डोळे दाराकडे लागले होते.'"

"अवं, अगदी ढवळीवानी!" धुरपताबाई म्हणाल्या. "पन हे सुलक्षणा कोन वं?"

प्रियानं एकदा पुस्तकाकडे, एकदा सासूकडे पाहिलं. "पुस्तकातली शेळी आहे, आत्या."

"नाव मोठं झ्याक ठेवलं. बरं, मंग?"

"'शेखरनं तिच्या कपाळावरून हळुवार हात फिरवला.'"

"शेखर म्हंजे डॉक्टर?"

"हो, डॉक्टरच आहे."

हे मात्र खरं होतं. शेखर डॉक्टरच होता, फक्त माणसांचा. धुरपताबाईंनी ढवळीच्या कपाळावरून हात फिरवला. ढवळीनं एक डोळा उघडला.

"'तो म्हणाला, आज काही खाऊ नकोस. फक्त घोट घोट कोमट पाणी घे. मग आपण नदीकाठानं हळूहळू फिरून येऊ. तू बरी होशील, राणी.'"

"बाप्पा! किती मायेनं लिहून आहे! डॉक्टर असावा तं असा. ऊठ वं राणी!" असं म्हणत धुरपताबाई कोमट पाण्याला पळाल्या.

वामनरावांचा जीव अर्धा झाला. शेळी मेली तर? गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर मिळायची. ते वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, उलट्या शर्टात, टाकीच्या लोखंडी शिडीनं वर चढले आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. खाली सात माणसं जमली. बोरकुटे बाबू जीव देतात की काय, यावर त्यांच्यात दोन तट पडले.

"धान जास्त खाल्लं ना?" डॉक्टर म्हणाले. "आज चारा-दाणा पूर्ण बंद ठेवा. थोडं थोडं कोमट पाणी पाजा. पडून राहू देऊ नका, हळूहळू फिरवा. पाणी ओसरलं की मी येतोच."

वामनराव शिडीवर गार पडले. शेखरनं आणखी काय वेगळं सांगितलं होतं?

ते नाल्याच्या काठी पोचले तेव्हा धुरपताबाई ढवळीला पोटाखालून आधार देऊन चालवत होत्या. वामनरावांनी धापा टाकत डॉक्टरांचा निरोप सांगितला.

"मले काऊन सांगता, बाबू?" धुरपताबाई हसल्या. "तुमच्या पुस्तकात समदं लिहूनच आहे!"

मंगळवारी दुपारी चार वाजता ढवळी रवंथ करू लागली. साडेचारला ही बातमी गावभर झाली. पाचपर्यंत वामनरावांच्या ओसरीवर तीन जण येऊन कपाटाकडे बघून गेले, देवळात आल्यासारखे, चपला बाहेर काढून!

बुधवारी सकाळी आठला लटारूभाऊ आले. त्यांच्या दोन एकर धानावर मावा-तुडतुडा पडला होता. धान निसवायला, लोंब्या फुटायला आलेलं, आणि बांधीच्या, म्हणजे खाचराच्या, मधोमध पिवळे चट्टे दिसू लागलेले. त्यांनी सरळ दुसऱ्या फळीवर बोट ठेवलं.

"वामनभाऊ, हे कीड असलेलं पाह्यजे."

"ते नको," वामनराव घाईनं म्हणाले. "तो भाग दोन आहे. भाग एक वाचल्याशिवाय समजायचा नाही."

"अन कीड का भाग एक वाचून बसली माह्या धानावर?"

"लटारूभाऊ, भाषा फार अवघड आहे..."

"सातवी पास आहो मी!" लटारूभाऊंनी पुस्तक उपसलं, उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "'दिवाणखान्यात प्रेत पालथं पडलं होतं.'"

लटारूभाऊंनी लेबल पाहिलं, मग पान पाहिलं, मग वामनरावांना पाहिलं.

"कीड लयच मोठी लागलेली दिसते," ते म्हणाले.

थाप मारायची तर अजूनही जागा होती. 'ही उंदरांची गोष्ट आहे' म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण समोर दोन एकर धान होतं. शेळी नशिबानं वाचली. तुडतुड्याला शेखर काय करणार?

वामनरावांनी डोळे मिटले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. चंद्रपूर, हळदीचा पंजा, खाकी कागद, डिंक, सगळं!

"म्हंजे हे सारे..." लटारूभाऊंनी कपाटावरून नजर फिरवली.

"गोष्टी, कादंबऱ्या, कविता. दोनशे चौदा."

"अन तुम्ही शेळ्यासाठी रडत नोते?"

"नाही."

लटारूभाऊंना हे फारच लागलेलं दिसलं. पण खरा घाव आतून आला. केसरबाई लाटणं घेऊन दारात उभ्या होत्या.

"पंधरा वर्षं!" त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षं मी मायच्या घरी सांगून राह्यली, माह्या मानसाले हिरवळीच्या खताचा नाद आहे! आपला रूक्ष मानूस म्हणून मी उगी बसून राह्यली. अन हे इथी बसून प्रेमाच्या कथा वाचून राह्यले! एकट्यानं!"

शेवटच्या शब्दावर लाटणं वर गेलं. सुदैवानं त्याच वेळी धुरपताबाई आणि प्रिया अंगणात आल्या, मागोमाग ढवळी. वामनरावांनी हात जोडले.

"धुरपताबाई, माफ करा. ते पुस्तक शेळ्यांचं नाही. ती एका मुलीची गोष्ट आहे."

"खोटं!" धुरपताबाई ठासून म्हणाल्या. "पुस्तक खोटं अन हे ढवळी खरी, असं कसं व्हईन? तुमचं डोस्कं टाकीवर ऊन लागून फिरलं, बाबू."

"मग निदान पुस्तक परत द्या."

"पुस्तक कुठचं? थे गेलं! नाला उतरला, सकाळच्या पहिल्या गाडीनं सिरोंच्याकडे धाडलं. माह्या बहिनीच्या शेळीले खोकला आहे."

वामनरावांनी किंचाळायला तोंड उघडलं, पण किंचाळली ती प्रिया!

"आत्या! अजून पन्नास पानं राह्यली होती!"

सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. धुरपताबाईंनीही.

"शेळीची कथाच आहे तं पन्नास पानाचं तुले काय वं?"

प्रिया हळू आवाजात म्हणाली, "बारावीपर्यंत शिकली मी. लग्नाले चार वर्षं झाले. चार वर्षांत हाती एक पुस्तक नाई लागलं. हे उघडलं अन पहिल्याच ओळीत समजलं, शेळी नोहे म्हणून. पन तुम्ही म्हणल्या, वाच, वाच. मंग मी थांबूच नाई शकली."

वामनरावांना वाटलं, एकतीस पुस्तकं गेली तेव्हाही आपण इतके लहान झालो नव्हतो. पंधरा वर्षं त्यांनी खाकी कागद लावून चोर हाकलले होते. ही पोरगी चार वर्षं, चार घरं पलीकडे, उपाशी बसली होती!

"कुठपर्यंत आली होतीस?" त्यांनी विचारलं.

"शेखरचं पत्र येते तिथपर्यंत. बाबूजी, पत्र तिले भेटते का?"

"सांगू?"

"नको, नको!" प्रियानं कानावर हात ठेवले. "मीच वाचीन!"

"काय पत्र? कोनाले पत्र?" केसरबाईंचं लाटणं केव्हाच खाली आलं होतं.

त्यानंतर वामनराव पुन्हा एकदा टाकीवर चढले. या वेळी शर्ट सुलट होता. कृषी अधिकाऱ्यांनी फोनवर सांगितलं, की आधी बांधीतलं पाणी काढून टाका, फवारणीचं मी उद्या बांधावर येऊन बघतो. लटारूभाऊ फावडं घेऊन निघाले, दहा पावलांवरून परत आले आणि धानावरील कीड काखेत मारली.

"त्यात तुडतुड्याचं काही नाही हो!" वामनराव म्हणाले.

"मालूम आहे. पन थे प्रेत कोनाचं होतं, हे समजल्याबिगर पानी काढन्यात ध्यान नाई लागनार."

गुरुवारी प्रियानं खाकी कव्हरं उतरवायला घेतली. आतली नावं ती मोठ्यानं वाचायची आणि केसरबाई प्रत्येक नावाला नवऱ्याकडे एकदा बघायच्या. संध्याकाळपर्यंत नव्वद पुस्तकं मोकळी झाली आणि अकरा गावात गेली. वामनरावांनी एका वहीत नावं लिहून घेतली आणि प्रत्येकाला हळदीबद्दल वेगळी सूचना दिली. शुक्रवारी दोन पुस्तकं परत आली. पानं मोजली, पूर्ण भरली! तिसरं आलं ते लटारूभाऊंचं. धानावरचे चट्टे पसरायचे थांबलेत, असं त्यांनी बांधावरून ओरडून सांगितलं. खून कुणी केला तेही ओरडून सांगितलं, त्यामुळे ते पुस्तक आता गावात कुणी मागत नाही.

प्रेमकथा मात्र अजून सिरोंच्याकडेच आहे. रविवारी दुपारी केसरबाई आणि प्रियानं खालून शिडी धरली आणि वामनरावांनी टाकीवरून धुरपताबाईंच्या बहिणीकडे फोन लावला. फोन तिच्या सुनेनं घेतला. शेळीचा खोकला काही केल्या जात नाही, तो गेल्याशिवाय पुस्तक धाडता येणार नाही, असं तिनं सांगितलं आणि घाईघाईनं फोन ठेवला.

सिरोंच्याच्या गाडीचा कंडक्टर त्या बहिणीच्याच गावचा आहे. तो म्हणतो, शेळी गुरुवारपासून ठणठणीत आहे. पुस्तक वाचून होईपर्यंत खोकला आता घरातली माणसं आळीपाळीनं काढतात.