चकती आणि छत्री यांच्या एका कुळाचा निवाडा

श्री. ओल्या खडकास व त्यावरी नांदणाऱ्या सकळांस नमन करोन, शके सतराशे चौदा, परिधावी नाम संवत्सरी जे वर्तमान घडले ते लिहितो. एका राज्यी सरकारी बागेत झऱ्याकाठी दगडास चिकटून चपटी हिरवी वनस्पती होती. तीस खोड नाही, खरे मूळ नाही, फूल नाही. कित्येकींस दांडीवर चकती येई, कित्येकींस बोटे पसरलेली छत्री. छत्रीवाल्यांचे कुळ कैलासवासी विसोबा वैद्य यांणी स्थापिले आणि मग चकतीवाल्यांचे निराळे कुळ अनंतशास्त्री यांणी स्थापून त्यास आपले नाव दिधले आणि दरबारी थोर मान पावले. शास्त्रीबावांची शिष्या म्हाळसाबाई, बहुत हट्टी. बाईंणी भिंगातून पाहिले, तो दोहींचे अंग एकच, तीच बारीक छिद्रे, त्याच इवल्या वाट्या. आणि मनी आले की ही दोन कुळे नव्हेत, नर आणि मादी आहेत. तैसे ठरल्यास आधीचे नाव राहावे, मागले पुसावे, ऐसा कायदा. म्हणजे गुरूचेच नाव जाणार. तरी हात थांबला नाही. मग बाई भिंग घेऊन काय शोधते, ऐसी दरबारी कुजबूज जाहली आणि बागेची वाट बाईंस बंद केली. तेव्हा त्यांणी घरी दोन काथवटींत ओले दगड मांडिले, एकीत छत्र्या एकट्या, दुसरीत छत्र्या व चकत्या शेजारी, आणि नित्य पाणी शिंपीत गेल्या, की चकतीवरले नरबीज थेंबासवे उडोन छत्रीस पोहोचावे. एकट्या छत्र्या वांझ राहिल्या. दुसरीत छत्र्यांखाली पिवळे कोश लोंबले आणि फुटोन बीजाची धूळ उडाली. मग एकाच कोशाची धूळ कोऱ्या मातीवर पेरून वर्षभर जोपासली, तो तीतून चकत्याही आल्या आणि छत्र्याही आल्या.

मग ती माती घेऊन बाई प्रथम शास्त्रीबावांकडे गेल्या. ते बोलिले, "माझे नाव जाईल हे तुला ठाऊक होते?"

"होते."

"मग मला आधी का नाही सांगितलेस ग?"

"आपण थांब म्हणता तर मला थांबावे लागते."

शास्त्रीबावा बहुत वेळ भिंगास डोळा लावून बसले. मग म्हणाले, "विसोबा असता तर पोट धरून हसता. चल, दरबारास माझ्याच तोंडून कळो दे."

दरबारी एका पंडिताने पुसिले, "नवराबायको एकाच गोत्री कैसे?" शास्त्रीबावा उत्तरले, "खडकास आपले धर्मशास्त्र कोणी वाचून दाखविले नाही." आणि आपले नाव आपणच रद्द करविले.

तात्पर्य, दोन कुळांचे एक जाहले, नाव विसोबांचे राहिले, आणि शास्त्रीबावा त्या दिवसापासोन म्हाळसाबाईंस अहोजाहो करू लागले.