मैनेचा तंग

"घोड्यावर बसण्यात काय अवघड आहे? घोडा चालतो, आपण बसतो!" परंड्याच्या गुरुप्रसाद सरांनी शनिवारी जेवता जेवता जाहीर करून टाकलं. बायको नीला गालातल्या गालात हसली, पण दहा वर्षांची वैदेही पेटलीच. उद्या माझे बाबा सोनारीच्या मंदिरापर्यंत घोड्यावरून येणार, असं तिनं लगोलग सगळ्या वर्गाला कळवलं. झालं! आता माघार घेतली तर पोरीचं नाक कापलं जाणार होतं आणि सरांचं तर मुळापासून.

सरांचा स्वभाव इथं सांगायलाच हवा. पंधरा वर्षं ते परीक्षेच्या भरारी पथकात होते. पोरांच्या मोज्यांतून, कंपासपेटीतून, एकदा तर मोडक्या हाताच्या प्लास्टरमधून त्यांनी कॉप्या बाहेर काढल्या होत्या. तेव्हापासून कुणी नुसता नमस्कार केला तरी हा माणूस काय लपवतोय, असं त्यांना वाटायचं. दूधवाला हसला की ते दूध दोनदा गाळून घेत.

रविवारी सकाळी सोनारीबाहेरच्या शेतात बाबामियाँ घोडी घेऊन उभे होते. साठी उलटलेला हा माणूस नवशिक्यांना घोडीवर बसवून पांदीच्या वाटेनं मंदिरापर्यंत फिरवून आणायचा. घोडीचं नाव मैना.

"सर, घोडीकडं डाव्या अंगानं या."

"डाव्याच का? उजवीकडं काय आहे?" सर उजवीकडून चक्कर मारून आले. काहीच नव्हतं. म्हणजे आधीच हलवलं असणार!

"आता हात म्होरं करा. वास घिऊ द्या तिला."

सरांनी आधी स्वतःच हाताचा वास घेतला.

बाबामियाँनी खोगीर ठेवलं, मैनेच्या पोटाखालून जाणारा पट्टा, म्हणजे तंग, आवळला आणि धडा दिला. "टाच खाली, नजर समोर, लगाम ढिला."

"ढिला? म्हणजे पळाली की धरायला काही नको!"

"पळत न्हाय हो. लई गुणी हाय."

'लई गुणी' हे शब्द सरांनी आजवर फक्त कॉपीत सापडलेल्या पोरांच्या आईबापांकडून ऐकले होते. पण पोरीचा शब्द होता. पहिल्या झेपेत सर घोडीवर चढले ते थेट पलीकडच्या बाजूला उतरले. दुसऱ्या झेपेत मात्र बसले!

शंभरेक पावलं झाली आणि बाबामियाँ थांबले. "सर, जरा रुका. तंग फिरून आवळतो."

सरांचे कान टवकारले. "मघाशी आवळला ना?"

"आवळला. पर परत आवळावा लागतो."

"का?"

"रीतच हाय तशी."

रीत! पर्यवेक्षक दिसला की पोराचा हात बाकाखाली जातो, अगदी तसाच हा हात! सरांनी सगळा कट ओळखला. म्हातारा मुद्दाम पट्टा सैल करणार, आपण घाबरणार आणि मग महिनाभर शिकवणी लावून बसणार!

"चाचा, खोगिराला हात लावायचा नाही! हे मुकं जनावर फसवत नाही. फसवतात ती माणसं!"

मैनेनं कान हलवले. सरांना ती साक्षच वाटली.

बाबामियाँनी चारदा विनवलं. चौथ्यांदा तर सरांनी तंगाच्या बकलावर मांडीच दाबून धरली. शेवटी चाचांनी लगाम हातात घेतला आणि अगदी बेतानं चालू लागले.

मंदिराच्या कमानीपाशी नीला, मोबाईल धरून वैदेही आणि दर्शनाला आलेली पंचवीस-तीस माणसं. "बाबा, इकडं बघा!" सरांची छाती फुगली. एक हात सोडून तो त्यांनी रुबाबात हलवला आणि जरासे डावीकडं कलले. खोगीरही कललं. सावरायला सर आणखी कलले. खोगीर त्यांच्या मताला दुजोरा देत गेलं आणि बघता बघता सर वटवाघळासारखे मैनेच्या पोटाखाली लटकले!

"बाबा, वर बसा ना!" वैदेही ओरडली.

गर्दीतल्या कोंडाबाई म्हातारीनं हात जोडले. "असला कडक नवस म्या आजपातुर न्हाय बघितला बाई!"

मैना जागची हलली नाही. बाबामियाँनी सरांना अलगद खाली घेतलं, पाठीवरची धूळ झटकली.

"चाचा, हे झालं कसं?"

"खोगीर ठिवलं की ही पोट फुगवून उभी ऱ्हाती. तंग फुगल्या पोटावर बसतो. चार पावलं गेली की दम सोडती, मंग तंग ढिला. म्हून परत आवळायचा."

सर मैनेकडं बघतच राहिले. पंधरा वर्षांत एवढी सफाईदार कॉपी त्यांच्या पाहण्यात नव्हती!

"मग हे मघाशीच सांगायचं ना!"

"घोडीनं दम धरलाय असं म्या सांगितलं असतं, तर तुमी खरं मानलं असतं व्हय?"

सरांना मनापासून लाज वाटली. त्यांनी चाचांची माफी मागितली आणि मंदिरात जाऊन कालभैरवासमोर उभं राहून ठरवलं, आजपासून माणसांवर विश्वास ठेवायचा!

बाहेर येऊन ते वैदेहीला हळूच म्हणाले, "तो व्हिडिओ..."

"डिलीट केला, बाबा."

सवयीनं सरांचा हात मोबाईलकडं गेला होता, पण त्यांनी तो निग्रहानं मागं घेतला. "शाब्बास!" म्हणाले.

अर्ध्या तासानं तिघं परंड्याच्या स्टँडवर उतरले. चहावाल्या बालाजीनं बघत असलेला मोबाईल घाईनं खिशात टाकला, न मागता सरांच्या हातात ग्लास दिला आणि फार अदबीनं विचारलं,

"सर, घोडीवर खालून बसायला शिकायचं म्हटलं, तर किती दिवस लागत्यात?"