धोंडुबाईचे वाघरू

सन १९४३ च्या कार्तिकात एके दिवशी दुपारी बाराच्या सुमारास, नांदणवाडीच्या धोंडुबाईने माझ्याकडे येऊन अशी वर्दी दिली की, पोलीस पाटलांच्या उसात वाघरू आहे. मी त्या गावचा तलाठी. वर्दी ऐकून मी घाबरलो, पण वाघराला नव्हे. दरसालच्या तक्त्यात 'गावातील हिंस्र श्वापदे' असा एक रकाना असे आणि त्यात मी सलग अकरा वर्षे स्वहस्ते 'निरंक' असे लिहीत आलो होतो. आता वाघरू निघालेच, तर ते कालपरवा आले की अकरा वर्षे तिथेच बसून होते, असा खुलासा कचेरी मागणार हे उघड होते.

"नीट पाहिलंस का, बाई?" मी विचारले. "तरस असेल. एखादं कुत्रं असेल."

"कुत्रं म्या वळखत न्हाई व्हय, भाऊसाब?" डोक्यावरचा गवताचा भारा न उतरवताच ती म्हणाली. "पिवळं हाय, अंगभर ठिपकं हाईत. बांदावर बसून माज्याकडं बगत हुतं. परवा शेळी न्हेली माजी. सून माजी, अंजना, रोज तितंच गवताला जाती. पोटुशी हाय ती. तुमी कायतरी करा."

मी कायतरी केले, म्हणजे अहवाल लिहिला. 'वाघ' हा शब्द लिहायला हात धजेना, म्हणून 'मांजराच्या जातीचे, परंतु मांजराहून बरेच मोठे असे जनावर' असा उल्लेख केला.

अहवाल तालुक्याला जाण्याआधीच पोलीस पाटील नानासो चावडीत आले. ऊस त्यांचाच होता.

"ह्ये काय लिवलंय, भाऊसाब? पंधरा दिसांनी माजं गुऱ्हाळ लागायचं. वाघरू हाय म्हनल्यावर तोडायला मानूस ईल का? आनि उसात कोन तरी हाय म्हनून वर कळलं, तर पोलिसांची लारी दारात हुबी ऱ्हाईल. मग तुमी आनि मी."

यात तथ्य होते. बेचाळीसच्या चळवळीतले भूमिगत त्या साली आमच्या भागातल्या उसांतून रात्रंदिवस वावरतात, हे प्रत्येकाला ठाऊक होते आणि कुणालाही ठाऊक नव्हते. 'उसात काहीतरी आहे' हे वाक्य शहाणा माणूस बायकोजवळसुद्धा बोलत नसे.

तेव्हा आम्ही पंचनामा केला. पंच म्हणून खुद्द नानासो आणि त्यांचे मेहुणे. पाटाच्या चिखलात वाटीएवढा ठसा उमटला होता, नखे मांजरासारखी आत मिटलेली, चारी बोटे स्वच्छ. आम्ही तिघे त्याच्याभोवती वाकलो. मग मी लिहिले: 'सदर ठसे कुत्र्याचे असून कुत्रे सुदृढ असावे.' 'सुदृढ' हा शब्द मला त्या वेळी फार आवडला होता, हे कबूल करतो.

धोंडुबाईची वर्दी पंचनाम्यासह तालुक्याला गेली. उत्तर आठ दिवसांत आले. या तालुक्यात जंगल नाही. जंगल नाही, त्याअर्थी जंगली जनावर असू शकत नाही. सबब सदर बाई ऐन युद्धकाळात अफवा पसरवीत असल्याचे दिसते. तिजकडून 'मी काही पाहिले नाही' असा जबाब अंगठ्यासह घेऊन पाठवावा. न दिल्यास भारत संरक्षण कायद्याखाली तिला मामलेदारांपुढे हजर करावे.

शाईची डबी आणि कागद घेऊन मी निघालो. धोंडुबाई त्याच बांधावर गवत कापत होती. सुनेला घरी ठेवून ती आता स्वतः येत होती. शेजारी न्याहारीचे जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे, ताट पडले होते. मी तिला कागद वाचून दाखवला.

"म्हंजे म्या अंगठा दिला की त्ये जातंय?" तिने विचारले.

"जायचा प्रश्नच नाही. ते आलेलंच नाही."

"मग अंजनाला उद्या धाडू गवताला?"

मी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचू लागलो. तेवढ्यात बांधापलीकडचा पाला सरकला आणि सुदृढ कुत्रे बाहेर आले.

पुढचे मला सलग आठवत नाही. मी बाभळीवर होतो आणि दोन्ही तळहातांत काटे होते. खाली धोंडुबाई ताटावर विळा बडवत त्याच्या दिशेने चालली होती. "हाड! हाड, मुडद्या! माजी शेळी खाल्ली ती पुरं न्हाई व्हय रं?" त्याने तिच्याकडे पाहिले, माझ्याकडेही एकदा पाहिले, आणि काही घाई नसल्यासारखे ते पुन्हा उसात शिरले.

"उतरा, भाऊसाब. गेलं."

उतरायला चढण्यापेक्षा फार वेळ लागला. तिने मला बांधावर बसवून एकेक काटा काढला.

"आता तरी खरं लिवाल न्हवं?"

"लिहीन," मी म्हणालो. त्या घटकेला ते अगदी मनापासून म्हणालो होतो.

तिने अंगठा दिला नाही. त्यामुळे पुढच्या सोमवारी आम्ही सगळे, नानासो आणि मेहुणे या पंचांसह, तालुक्याच्या कचेरीत उभे होतो. मामलेदारसाहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या देवीचे वाहन दाखवून विचारले, "हे पाहिलंस का तू?"

"न्हाई, रावसाब. त्येला पट्टं हाईत, माज्याला ठिपकं हुतं. आनि त्येच्यावर कोन बसल्यालं नव्हतं."

"लिहा," साहेब कारकुनाला म्हणाले, "आरोपीस जनावर ओळखता आलं नाही. कुणी साक्षीदार?"

"ह्ये भाऊसाब हुतं की. बाभळीवर."

साहेबांनी चष्मा काढला. त्यांच्यापुढे माझे अकरा तक्ते एकावर एक रचलेले होते. "तलाठी, तुम्ही काही पाहिलंत?"

मी तळहात पाठीमागे घेतले. "रावसाहेब, मी सदर वेळी हद्द पाहण्याच्या सरकारी कामानिमित्त झाडावर होतो. पाल्यामुळे खालचं दिसत नव्हतं."

बाभळीला पाला किती असतो, हे त्या कचेरीतल्या प्रत्येकाला माहीत होते. कुणी हसले नाही. धोंडुबाईने माझ्याकडे वळून पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. ऐन नांगरटीत मधेच बसलेल्या बैलाकडे कुणबी पाहतो, तशी ती पाहत होती. सहज पाहून तिने तोंड फिरवले.

शिक्षा सौम्य झाली. कोर्ट उठेपर्यंत कैद. ती भिंतीला टेकून पाच वाजेपर्यंत बसून राहिली. बाहेर वडाखाली अंजना बसून होती. मी मात्र आतबाहेर करत राहिलो. मला कुणी कैद केले नव्हते, पण जायला जागाही सापडेना.

पुढे पौषापर्यंत सगळा ऊस तुटला, लपायला काही उरले नाही, तेव्हा वाघरू कुठेतरी निघून गेले. अंजनाला मुलगी झाली, सुखरूप. अफवेचा समूळ बंदोबस्त केल्याबद्दल कचेरीने माझ्या नोकरीच्या कागदांत चांगला शेरा मारला. तो मी पुसून घेतला नाही.

त्या सोमवारी कचेरी सुटल्यावर आम्ही सगळे एकाच बैलगाडीतून परत निघालो. उन्हे उतरली होती. गावची शीव लागली, दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला आणि गाडीतली बोलणी थांबली. नानासोंनी, ज्यांच्या उसात काहीही नव्हते, बाहेर सोडलेले पाय हळूच आत घेतले. मेहुणे त्यांना खेटले. गाडीवान जोरजोराने बैलांना हाकू लागला. अंजनाला आत सारून धोंडुबाई एकटी गाडीच्या मागच्या कडेला पाय सोडून बसली होती, मांडीवर विळा ठेवून. मी तिच्याजवळ होतो.

"भाऊसाब, मधी सरका," ती मागे न पाहता म्हणाली. "तुमास्नी दिसत न्हाई."

मी सरकलो.

इथवर वाचून आपण मला हसला असाल, तर ते रास्तच आहे. पण गाडीच्या मध्यभागी जागा करून घेताना मी आजूबाजूला पाहिले होते. तिथे फार दाटी होती. अंधुक उजेडात सगळ्यांची तोंडे काही ओळखता आली नाहीत, मात्र मला जागा देण्यासाठी जे गृहस्थ जरा आणखी आत सरकले, ते बांध्याने, वाचकहो, बरेचसे आपल्यासारखेच होते.