बुडबुडेरावांच्या आठव्या बुटाची बखर

॥ श्री जलदेवता प्रसन्न ॥ जे खोल पाण्यात राहतात आणि वर येऊन माणसांस हसवितात, त्यांस प्रथम नमन. शके एकोणीसशे नऊ, प्रभवनाम संवत्सर, वैशाखमास. ते समयी वीज निपजविणाऱ्या एका राज्यात जे वर्तले, ते जैसे ठाऊक तैसे लिहितो. लेखणी अशक्त, स्मरण त्याहून अशक्त. वाचणाराने उणे ते सांभाळून घ्यावे.

राज्य थोर. तीन धुराडी, दोनशे बिऱ्हाडे, आणि मध्ये एक ग्रंथालय. तेथील वीज दूरदूरच्या मुलखात जात असे आणि राख तेवढी घरच्या खिडक्यांत बसत असे. ग्रंथालयाचे अधिपती वासुदेवपंत रिसबूड. गृहस्थ बुजरे, चार माणसांत बोलणे आले की घसा कोरडा पडे, परंतु राज्यात असा शिरस्ता होता की कोणताही वाद पडला, मग तो क्रिकेटचा असो की उपवासाला काय चालते याचा असो, तो पंतांकडे न्यावा, आणि पंत पुस्तक काढून पान वाचून दाखवतील ते सर्वांनी मान्य करावे. यास्तव पंतांच्या शब्दास मोल होते, आणि पंतांस स्वतःपाशी दुसरे काही मोलाचे आहे असे वाटत नसे. राज्यातील थोरला टीव्हीसंचही ग्रंथालयातच, सरकत्या दारांच्या लाकडी पेटीत, आणि किल्ली पंतांच्या जानव्यास. रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला पंत पेटी उघडीत आणि मुले दाराशी चपला ओळीने मांडून सतरंजीवर बसत, आणि मग बुडबुडेराव प्रकट होत.

बुडबुडेराव म्हणजे परदेशी व्यंगचित्रांच्या मालिकेतील एक ऑक्टोपस. चित्र काळे-पांढरे, तरी ते निळे आहेत याविषयी सर्व मुलांचे एकमत होते. पाय आठ, बूट सात. आठव्या बुटाच्या शोधात ते दर रविवारी सागर पालथा घालीत, आणि स्वतःच्याच पायांत पाय अडकून पडत, आणि बोलू जावे तर तोंडातून बुडबुडे निघत, आणि मुले हसून हसून सतरंजीवर लोळत, आणि पंतही वर्तमानपत्राआड तोंड लपवून हसत.

मग शेवटचा भाग आला. त्यात सागराच्या तळाशी एक लोखंडी पिंजरा, आणि पिंजऱ्यात तो आठवा बूट. बुडबुडेराव आनंदे आत शिरले, बुटास हात घातला, आणि वरचे दार धाडकन पडले. आणि तेच क्षणी वीज गेली. जे राज्य सकळ मुलखास वीज पुरवी, त्या राज्यात अंधार जाहला. तासाभराने वीज आली तेव्हा पडद्यावर शेतीचा कार्यक्रम चालला होता, आणि पुढल्या रविवारी त्या जागी दुसरीच मालिका सुरू जाहली.

मुलांत मोठा कल्लोळ उडाला. मेंगड्यांचा प्रल्हाद वयाने थोर, जिभेने तिखट. तो म्हणाला, "त्याचं कालवण झालं." हे वचन गायधनी फोरमनांची कन्या शलाका, वय वर्षे सहा, हिने ऐकिले. त्या सकाळी कारखान्यात पाळी कोणाची, तर गायधनी यांची. वीज निपजविणारा संच बंद पडला तो त्यांच्या पाळीत. मुलीने हिशेब केला की बाबांनी वीज घालवली, म्हणून बुडबुडेराव पिंजऱ्यात राहिले आणि मेले. तिने बापाशी बोलणे सोडले आणि दुसरे दिवशी जेवणही सोडले. गायधनींनी वाफेचा दाब आणि चक्राची गती पुष्कळ समजाविली, उपयोग न जाहला. तिसरे दिवशी ते मुलीस कडेवर घेऊन ग्रंथालयात आले आणि म्हणाले, "पंत, हिला माझं खरं वाटत नाही. तुमच्या पुस्तकात काही असेल तर बघा."

पंतांनी आजवर खोटे असे वाचले नव्हते. परंतु मुलीचे ओठ सुकलेले दिसले, आणि हात आपसूक कपाटाकडे गेला, आणि जे जाड लाल पुस्तक हाती आले ते त्यांनी उघडिले आणि वाचू लागले की, इतक्यात एक खेकडा आला, त्याने नांगीने पिंजऱ्याची तार कापली, आणि बुडबुडेराव सुखरूप बाहेर आले. मुलीने बापाच्या खांद्यावरून मान वर केली आणि पुसिले, "बूट?"

"आठही पायांत आठ बूट घालून."

"कितव्या पानावर आहे?"

पंतांनी खाली पाहिले आणि जे होते ते सांगितले. एकशे बारा.

त्या दुपारी मुलगी दोन वाट्या वरणभात जेवली आणि बापास म्हणाली की उद्या पाळीवर जपून राहा. राज्यात आनंद जाहला. पंतांस मात्र झोप नाही. कारण ते लाल पुस्तक म्हणजे बॉयलरच्या नियमांचा सरकारी तर्जुमा. तो दडवावा असे मनात आले, परंतु सरकारी पुस्तक दडविणे त्यांस जमेना, म्हणून ते जेथले तेथे ठेविले आणि भीत राहिले. पुढे गायधनींची बदली जाहली, पंत निवृत्त होऊन शहरी राहावयास आले, आणि भीती सामानाबरोबर आली.

अडतीस वर्षे लोटली. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी शलाकेचा फोन आला. ती आता समुद्रातील जीवांची अभ्यासक, मोठ्या पगारावर. म्हणाली, "काका, बुडबुडेरावांचा शेवटचा भाग मिळाला, एका संग्राहकाकडे. मी अजून पाहिलेला नाही. रविवारी नऊला बाबांना घेऊन येते, आपण मिळून बघू." पंतांनी बरे म्हणून फोन ठेविला आणि स्वयंपाकघरात जाऊन पत्नीस मनातली भीती सांगितली. ऑक्टोपस मेला निघाला, तर ज्या शब्दावर जन्मभर लोकांनी विश्वास ठेविला, तोच खोटा ठरेल, आणि तोही त्या मुलीसमोर. पत्नी सुलोचनाबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "मेला असला तर मेला. तुम्ही का मारलात त्याला?" परंतु त्याने समाधान न जाहले.

रविवारी मंडळी आली. गायधनी चौऱ्याऐंशीचे, काठी टेकीत. प्रल्हाद मेंगडे टक्कल घेऊन आणि फरसाण घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "पंत, कालवणाची तयारी आहे ना?" चपला दाराशी ओळीने लागल्या, कोणी सांगितले नव्हते. शलाकेने संगणक मांडला आणि चित्र सुरू जाहले. दार पडले. बुडबुडेराव दारास ढकलू लागले आणि बुडबुडे गाळू लागले. खेकडा येईना. पंत दारातील चपलांकडे पाहत बसले, पडद्याकडे पाहवेना. मग पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एक भोक दिसले, रुपयाएवढे. बुडबुडेरावांनी भोक पाहिले, बूट पाहिले, पुन्हा भोक पाहिले. मग खाली बसून एकेक बूट काढिला, नवा मिळालेलाही, आणि आठही बूट ओळीने नीट मांडिले. आणि मग सगळे अंग पाण्यासारखे करून त्या भोकातून बाहेर वाहून गेले, आणि अनवाणी पोहत निघाले, आणि एकदाही पायात पाय अडकला नाही. तेथे मालिका संपली.

मग गायधनींनी काठी भिंतीस टेकविली. "सुटला रे बाबा. अडतीस वर्षं माझ्यावर खुनाचा आळ होता."

मेंगडे म्हणाला, "पण खेकडा कुठाय पंत? तुमच्या पुस्तकात होता."

पंत मुलीकडे वळून बोलिले, "शलाका, खेकडा नव्हता. ते पुस्तकही त्याचं नव्हतं. बॉयलरचं होतं."

"माहीत आहे, काका. दुसरीत असताना काढून वाचलं होतं. पान एकशे बारा."

"मग बोलली का नाहीस?"

"त्या पानावर लिहिलं होतं की वाफेचं भांडं कितीही पक्कं बंद असलं तरी आतल्या वाफेला बाहेर पडायची एक वाट ठेवलीच पाहिजे, नाहीतर ते चालवायची परवानगी नाही. मला वाटलं, सरकारनं लिहिलंय म्हणजे पिंजऱ्यालाही असणारच. आता फक्त कुठे होती ते कळलं."

पंतांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, आणि पुष्कळ वेळ पुसला. मग हळू आवाजात म्हणाले की एकदा पुन्हा लावशील का, मघाशी मी नीट पाहिलं नाही. सुलोचनाबाईंनी चहा टाकला, मेंगड्याने फरसाणाची पुडी सोडली, आणि चित्र पुन्हा पहिल्यापासून सुरू जाहले, आणि पंत या वेळी वर्तमानपत्र न घेता हसले.

येणेप्रमाणे बुडबुडेराव सुटले, गायधनी सुटले आणि पंतही सुटले. बूट आठ, ते मागे राहिले. ठाऊक तेवढे लिहिले, कागद येथे संपला.