ढोम्याला पाय किती?

बरकतपुऱ्यातल्या एका मराठी शाळेत सावित्रीबाई सव्वीस वर्षे भूगोल शिकवत होत्या. १९९४ साली मुलांचे लक्ष केबलच्या वाहिन्यांनी पळवले, तेव्हा त्यांनी एक युक्ती केली. जगात कुठेच नसलेला मंदारखंड त्यांनी फळ्यावर काढला आणि त्यात ढोमा नावाचा प्राणी सोडला. ढोमा म्हशीएवढा, सहा पायांचा. तिथली माणसे त्याला पाळत नाहीत. तोच माणसे पाळतो. पहाटे दारोदार जाऊन माणसांना चाटून उठवतो, शेजाऱ्याशी भांडणाऱ्याच्या अंगणात ठाण मांडतो आणि समेट झाल्याशिवाय हलत नाही. मुले खिदळली. घंटा झाली तरी वर्गातून कोणी उठेना.

हा पाठ शाळेच्या वार्षिक अंकात छापला गेला. 'काल्पनिक' हा शब्द जागेअभावी गाळण्यात आला.

महिन्याभरात बेगम बाजारातले मसाल्याचे व्यापारी उमाजी शाळेत हजर झाले. त्यांची नात सहावीत होती.

"बाई, तुम्ही ढोम्यावर एकच तास घेतला म्हणे. नव्या इंग्लिश शाळेत हफ्त्याला तीन होऊन राहिले. आमच्या पोरीनं मागं राहायचं का?"

"अहो, ढोमा नाहीच मुळी. मी मनानं रचलाय तो."

"मग इंग्लिशवाले काय येडे आहेत? कंप्युटरवर दाखवून राहिले!"

कंप्युटरपुढे बाईंची साक्ष टिकली नाही. त्या मुख्याध्यापक हिम्मतरावांकडे गेल्या. त्यांनी शिक्षण खात्याचे नुकतेच आलेले परिपत्रक पुढे केले : 'सदर प्राण्याचे अस्तित्व ही धोरणात्मक बाब असून ती शिक्षकांच्या अखत्यारीत येत नाही.'

"पट घसरतोय, बाई," ते हळूच म्हणाले. "ढोमा नसला तर शाळाही राहायची नाही."

बाईंना अफझलगंजातल्या एका सभागृहात प्रशिक्षणाला पाठवण्यात आले. शिकवायला टाय लावलेला विक्रम होता, बाईंचाच जुना विद्यार्थी. शेवटी परीक्षा झाली. ढोम्याला पाय किती, या प्रश्नाला बाईंनी 'सहा' लिहिले आणि त्या नापास झाल्या.

"टीचर, आता चार झालेत," विक्रम अदबीने म्हणाला. "सहा पाय बाहेरच्या देशांत कुणी मान्य करत नाही. फेरपरीक्षेत चार लिहा, बस्. पास करतो."

सावित्रीबाईंनी रात्रभर विचार केला नाही. तिथेच फेरपरीक्षा दिली, 'सहा' लिहिले आणि दोनदा अधोरेखित केले. सोमवारपासून त्यांच्याकडे शिवणकाम आले. मुली काजे करताना हळूच विचारत, "बाई, ढोमा झोपतो कसा?" बाई दाराकडे बघून सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज पुन्हा भूगोलाच्या तासासारखा होई.

दोन वर्षांत पट संपला आणि शाळा बंद पडली. निरोप समारंभाला मात्र मैदान अपुरे पडले. निमंत्रणपत्रिका सर्वांच्या सोयीसाठी इंग्रजीत होती. 'विषयात अनुत्तीर्ण असूनही तळमळीच्या शिक्षिका' म्हणून बाईंना शाल-श्रीफळ मिळाले. उमाजींनी मातृभाषेवर असे भाषण केले की पुढच्या रांगेतले लोक रडले.

आपणही त्याच रांगेत होतात. रुमाल काढलात, टाळ्या वाजवल्यात आणि आभारप्रदर्शनाआधी घाईघाईने उठलात. मुलांचा इंग्लिशचा क्लास सुटायची वेळ झाली होती.